एलरस्केल हे नाव कोणाचे

मी, हेस्टर एलरस्केल, वय वर्षे एक्याऐंशी, विधवा, अपत्य नाही, धंदा मेंढपाळीचा, राहणार एलरस्केल शेत, स्कार्डेल खोरे, यॉर्कशायर, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. तीन वर्षांपूर्वी माझा खुबा मोडला, पण डोके खुब्यात नसते. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे तो सोबत टाचला आहे. मला कोणी धमकावलेले नाही, फसवलेले नाही आणि पाजलेलेही नाही. याआधी मी चार मृत्युपत्रे केली. चारही आज रद्द.

थ्वेट वकिलांचे म्हणणे असे की मृत्युपत्रात कोणाला काय ते लिहावे, का ते लिहू नये, कारण 'का' लिहिले की भांडणे लागतात. माझ्या वडिलांच्या मृत्युपत्रात एकही 'का' नव्हता, आणि त्यावरून लागलेले भांडण माणसे मरेपर्यंत मिटले नाही. तेव्हा मी कारणे लिहिणार आहे. वकीलसाहेबांनी निळ्या पेन्सिलीने जे जे खोडले होते ते मी माझ्या हाताने पुन्हा लिहिले आहे. त्यांनी रागावू नये.

कलम १. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून मी सदर थ्वेट वकिलांनाच नेमते. माणूस भित्रा आहे पण चोर नाही.

कलम २. मिळकतीचे वर्णन. दगडी घर, त्याला लागून गोठा, गवताची तीन कुरणे आणि वरचे दगडी कुंपणाचे रान. पूर्वेस ओढा, पश्चिमेस डोंगराचे कुंपण, उत्तरेस ऑल्डरसन यांचे शेत, दक्षिणेस गाडीवाट. याशिवाय उघड्या डोंगरावर चराईचा हक्क आणि दोनशे साठ मेंढ्या.

मेंढ्यांबद्दल थोडे सांगणे भाग आहे, कारण शहरातले लोक त्या माझ्या मालकीच्या आहेत असे धरून चालतात. त्या माझ्या नाहीत, शेताच्या आहेत. वर डोंगरावर कुंपण नाही. कुठवर चरायचे हे मेंढी आपल्या आईबरोबर फिरून शिकते आणि आपल्या कोकराला शिकवते. म्हणून आमच्याकडे शेत विकले, वाटले किंवा मालक मेला, तरी कळप तिथेच राहतो. नव्या माणसाला तो आहे तसा घ्यावा लागतो. खूणही शेताचीच असते, आमची म्हणजे डाव्या कुल्ल्यावर तांबडा पट्टा आणि उजव्या कानाला एक खाच. मी या घरात जन्मले त्याच्या कितीतरी आधीपासून हा पट्टा आहे. वाचणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे म्हणजे पुढचे समजेल.

कलम ३. ही मिळकत माझ्याकडे कशी आली ते.

माझे वडील अँब्रोज एलरस्केल यांना मुलगा नव्हता. दोन मुली. थोरली इसाबेल, धाकटी मी. वडिलांना आपल्या आडनावाचे फार होते. खोऱ्यात आपणच एक जुने, बाकीचे वाऱ्याबरोबर आलेले, असे ते जेवताना दिवसाआड सांगत. जमीनवाल्या मोठ्या घरांत एक चाल असते. मुलगा नसला की जावयाने सासऱ्याचे आडनाव घ्यायचे, तरच इस्टेट मिळायची. हवेल्यांतली ही चाल वडिलांनी आमच्या तीन कुरणांच्या घरात आणली. फेब्रुवारी १९३८ मध्ये ते गेले तेव्हा मृत्युपत्रात निघाले ते असे: बारा महिन्यांच्या आत इसाबेलच्या नवऱ्याने रीतसर कागद करून एलरस्केल हे आडनाव घेतले तर शेत तिचे. त्याने नाकारले तर त्याच मुदतीत, त्याच अटीवर, माझे. दोघींचेही नवरे तयार नसतील तर शेत विकावे आणि पैसे निम्मे निम्मे.

इसाबेलचा नवरा मायकेल डगन. आयरिश. खालच्या धरणाच्या कामावर दगड घडवायला आला होता. वडील असेपर्यंत त्याला उंबऱ्याच्या आत बोलावले गेले नाही. वडील गेल्यावर ते वर्षभर तो इथेच राहिला. कोकरांचा हंगाम त्याने काढला, आणि वरच्या रानाचे पडलेले कुंपण त्याने उभे केले. ते अजून उभे आहे.

जानेवारी १९३९ मध्ये त्या वेळच्या वकिलांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद मांडला. मायकेल हात धुऊन आला, बसला, कागद पूर्ण वाचला आणि परत सरकवला.

"सही कर ना बाबा," वकील म्हणाले. "एका आडनावानं काय अंगाला भोकं पडतात?"

"माझा बाप मजुरांच्या पत्र्याखाली मेला," मायकेल म्हणाला. "मागं एक फावडं आणि एक नाव ठेवून गेला. फावडं मोडलं. आता नावही तुमच्या मेंढरांसाठी टाकू? ते जमायचं नाही."

त्याचा आवाज चढला नव्हता. इसाबेलने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. 

त्या संध्याकाळी ती मला गोठ्यात गाठून म्हणाली, "हेटी, तू पण नाही म्हण."

"आणि शेत विकायचं?"

"विकायला काढलं की आपणच घेऊ. निम्मं तुझं, निम्मं माझं. धरणावरचा मायकेलचा पैसा आहे थोडा. चौघं मिळून राहू. घर काय लहान आहे?"

"बाबांची इच्छा होती, बेल."

"बाबा मेले. आपण जिवंत आहोत. तू नुसतं नाही म्हण, बाकीचं मी बघते."

मी म्हटले, विचार करून सांगते. मी विचार केला नाही. मला शेत हवे होते, अख्खे हवे होते, आणि इसाबेल घरात असली की मी कायम धाकटी राहणार हे मला माहीत होते. सहाव्या दिवशी माझ्या नवऱ्याने, आर्नल्ड स्लिंगरने, माझ्या सांगण्यावरून कागदावर सही केली. इसाबेल आणि मायकेल त्याच आठवड्यात एका हातगाडीवर सामान लादून खाली उतरले. तिने आईचा निळा तांब्या मागितला होता. मी म्हटले, तो घराचा आहे, घरातच राहील.

दर नाताळला तिचे कार्ड यायचे. खाली 'इसाबेल डगन' अशी पूर्ण सही, आणि डगनच्या खाली रेघ. चाळीस कार्डे आली. मी एकालाही उत्तर लिहिले नाही.

कलम ४. माझ्या नवऱ्याच्या थडग्याबाबत.

आर्नल्ड स्वभावाने गाय होता. मी म्हटले म्हणून त्याने आडनाव बदलले. त्याची आई बाजारपेठेत कापडाचे दुकान चालवायची. त्या दिवसानंतर ती आमच्या घरी पाणी प्यायलासुद्धा आली नाही. "माझ्या सुनेनं माझा मुलगा घेतला ते ठीक," असे ती गिऱ्हाइकांना ऐकवायची, "पण माझ्या मेलेल्या नवऱ्याचं नावही पुसून टाकलं." मी तिला कजाग म्हणत असे. ती कजाग होतीच, पण तिचे म्हणणे खोटे नव्हते.

१९७१ मध्ये आर्नल्ड आजारी पडला. शेवटच्या आठवड्यात त्याने मला जवळ बोलावले.

"हेटी, दगडावर स्लिंगर घाल."

"असं काय बोलतोस?"

"बत्तीस वर्षं तुझ्या बाबांचं नाव वापरलं. नीट वापरलं की नाही?"

"नीट वापरलंस."

"मग आता परत करतो. दगडावर माझं घाल."

मी हो म्हटले आणि दगडावर एलरस्केल घातले. खोऱ्यातले लोक काय म्हणतील याची भीती होती, असे मी त्या वेळी स्वतःला सांगितले. खरे कारण असे की दगडावर स्लिंगर लिहिले असते तर त्याची ती सही केवळ शेतासाठी होती हे सगळ्यांना दिसले असते. मला याची लाज वाटते, आणि त्याच्या थडग्यापाशी गेले की ती जास्त वाटते, म्हणून मी तिथे जाणे कमी केले. तर व्यवस्थापकांनी गवंड्याकडून तो दगड उलटा फिरवून घ्यावा आणि कोऱ्या बाजूवर 'आर्नल्ड स्लिंगर' एवढे कोरावे. खाली माझे: 'हेस्टर, त्याची बायको.' माझ्या नावापुढे दुसरे काही नको. खर्च माझ्या पोस्टातल्या शिलकेतून करावा. उरलेली शिलक खोऱ्याच्या शाळेला.

कलम ५. माळ्यावरच्या पुस्तकांबाबत.

माळ्यावर पाच खोक्यांत माझ्या पुस्तकाच्या दोनशे बारा प्रती पडून आहेत. 'एलरस्केल: एका घराण्याची पाचशे वर्षे', छपाई १९७४. त्यासाठी मी वीस वर्षे चर्चच्या जन्ममृत्यूच्या वह्या, जमीनदाराच्या कचेरीतले कागद, थडग्यांवरची अक्षरे, जे सापडेल ते उतरवून काढले. वर्षातून एकदा एलरस्केल आडनावाचे लोक इथे जमतात, माझ्या गोठ्यात बसून हॅम खातात आणि हे पुस्तक हातात धरून फोटो काढतात. एका वर्षी चौसष्ट जण आले होते.

आडनावाचा अर्थ मी पुस्तकात खरा दिला आहे. एलर म्हणजे ओढ्याकाठचे अल्डरचे झाड. स्केल म्हणजे झोपडी. समुद्रापलीकडून आलेले नॉर्स लोक उन्हाळ्यात इथे मेंढ्या चारायचे, त्यांनी अल्डरच्या झाडांपाशी झोपडी घातली, एवढेच ते नाव. यात सरदार नाही, किल्ला नाही, तलवारही नाही. पुढे त्या जागी राहणाऱ्यांना लोक त्याच नावाने ओळखू लागले. इथवर सगळे बरोबर आहे.

जिथे कुठल्याही वहीत एलरस्केल दिसले तिथे मी आपले रक्त धरून पुढे गेले. नाव सलग म्हणजे वंश सलग, हे मला कधी तपासावेसे वाटले नाही. छपाईच्या आदल्या वर्षी, १९७३ मध्ये, मला चर्चच्या जुन्या वहीत १६४६ चे पान सापडले. त्या साली खोऱ्यात ताप आला होता. पाच आठवड्यांत एलरस्केल घरातली सात माणसे पुरली गेली. शेवटची नोंद पाद्र्याने अशी केली आहे: 'विधवा एलरस्केल. हिच्यामागे घरात कोणी नाही.' मग दोन वर्षे काहीच नाही. त्यानंतर: 'रॉबर्ट रॉ, एलरस्केलवर नव्याने आलेला, याचा मुलगा.' आणखी तीन वर्षांनी: 'रॉबर्ट रॉ ऊर्फ एलरस्केल, याची मुलगी.' त्याच्यापुढे नुसते रॉबर्ट एलरस्केल.

मी त्या थंडगार खोलीत बसून ते पान किती वेळा वाचले असेल देव जाणे. काय झाले असेल ते मला लगेच कळले, कारण मी मेंढपाळाची मुलगी आहे. घरातली माणसे मेली तरी वरचा कळप होता. तांबडा पट्टा होता. जमीनदाराच्या कारभाऱ्याने खोऱ्यापलीकडून कोणी रॉबर्ट आणून तिथे बसवला. त्याने ती मेंढरे घेतली, तो पट्टा ओढला, आणि बाजारात लोक त्याला पट्ट्यावरून हाक मारू लागले. कोणी त्याच्यापुढे कागद सरकवला नाही. त्याने कुठे सही केली नाही. चार-पाच वर्षांत ते झाले.

मग मी मागची पाने उलटली ती वेगळ्या डोळ्यांनी. १७३८ च्या सुमारास पुन्हा तेच. विधवेकडे गुरे हाकत आलेला एक स्कॉटिश माणूस राहिला, तिच्याशी लग्न केले, आणि चार वर्षांनी तोही एलरस्केल. मी त्या गुराख्याच्या वंशातली. मूळच्या झोपडीवाल्यांचे माझ्यात थेंबभरही काही नाही, आणि माझ्या वडिलांतही नव्हते. ज्यांना ते वाऱ्याबरोबर आलेले म्हणत त्यांच्यातलेच एक ते होते.

हे मी छापायला हवे होते. मी छापले नाही. हे छापले असते तर वडिलांच्या अटीला अर्थच उरत नव्हता, आणि अटीला अर्थ नसेल तर माझ्या बहिणीला मी कशासाठी बाहेर काढले? इसाबेल तेव्हा जिवंत होती. इथून अकरा मैलांवर राहत होती. तेव्हा मी पुस्तकात लिहिले: 'रॉबर्ट हा त्याच घराण्याच्या दुसऱ्या शाखेतला असावा.' त्या एका 'असावा'वर मी पाचशे वर्षे उभी केली आहेत.

तर व्यवस्थापकांनी प्रत्येक प्रतीत पान ४१ वर पुढील चिठ्ठी चिकटवावी आणि मगच प्रती वाटाव्यात: 'रॉबर्ट हा दुसऱ्या घरचा होता. लेखिकेला हे माहीत होते. एलरस्केल हे आडनाव रक्ताबरोबर चालत आलेले नाही. जो शेतावर राहिला आणि ज्याने कळप सांभाळला, त्याला ते मिळाले.' चिकटवण्यासाठी चांगली खळ वापरावी. वार्षिक मेळाव्यातल्या काही मंडळींना नखाने उचकटायची सवय आहे.

कलम ६. लीड्सचे श्री. रेजिनाल्ड एलरस्केल, निवृत्त विमा अधिकारी, माझे लांबचे चुलतभाऊ. यांना सरदाराची ढाल, सिंह आणि लॅटिन वचन असलेली ती भिंतीवरची चिनी मातीची तबकडी. त्यांनीच ती एका टपालाने माल पाठवणाऱ्या दुकानातून मला आणून दिली होती. त्याच दुकानातून शेजारच्या ऑल्डरसनांनीही मागवली. त्यांच्या तबकडीवर तोच सिंह आहे, फक्त तोंड दुसरीकडे.

रेजिनाल्ड गेल्या ईस्टरला आले होते. म्हणाले, "हेस्टर, इसाबेलच्या नोराला शेत दिलंस तर नाव संपलं. पाचशे वर्षांनी एलरस्केलवर एलरस्केल नसेल."

"तुम्ही येऊन राहता का इथं?"

"मी? माझ्या गुडघ्यांचं काय? भाड्यानं देऊ. पाटीवर नाव राहील ना."

"आणि मेंढरं?"

"मेंढरांचं काय ते बघू नंतर."

माणूस वाईट नाही. तबकडीबरोबर त्यांना चिठ्ठी चिकटवलेली पहिली प्रत द्यावी.

कलम ७. किरकोळ वस्तू. लोकर कातरायची मोठी कात्री आणि भिंतीचा हातोडा शेजारी जॉस ऑल्डरसन यांना ठेवायचा विचार होता. पण जॉस या मृत्युपत्राचे साक्षीदार होणार, आणि साक्षीदाराला काही ठेवता येत नाही म्हणतात. म्हणून गेल्या मंगळवारी मी त्या हातात देऊन मोकळी झाले. पाद्रीबुवांकडे माझी शिडी १९८६ पासून आहे, ती त्यांनी परत करावी. म्हातारा कुत्रा टिप याला कोणी बाहेर बांधू नये. आईचा निळा तांब्या नोराला. त्याबद्दल मी वेगळे काही लिहीत नाही. तिला माहीत आहे.

कलम ८. शेताबाबत.

नोरा डगन ही इसाबेल आणि मायकेल यांची एकुलती मुलगी. वय पन्नास. १९७९ मध्ये इसाबेल गेली तेव्हा मी तिला पहिल्यांदा पाहिले. मी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसले होते. बाहेर पडताना ती समोर आली आणि विचारले, "आपण कोण?" मला आडनाव सांगण्याची हिंमत झाली नाही. मी म्हटले, "वरच्या शेतावरची." ती माझा चेहरा न्याहाळून म्हणाली, "मावशी, चहा घेऊन जा." मी थांबले नाही.

बारा वर्षांनी माझा खुबा मोडला. मी कोणाला कळवले नव्हते. इस्पितळातून मला घरी आणले तेव्हा नोरा चूल पेटवून बसली होती. खाली तिची नोकरी होती, ती सोडून आली. मी म्हटले, "तुला कोणी बोलावलं?"

"कोणी नाही."

"मग?"

"आई म्हणायची, तिला कोणी नाहीये. रागानंच म्हणायची, पण म्हणायची."

पहिल्या हिवाळ्यात मोठा बर्फ पडला. मेंढ्या कुठे दबतात हे तिला कोणी शिकवले नव्हते. ती काठी घेऊन कुत्र्यामागे दिवसभर फिरली आणि मायकेलने बांधलेल्या कुंपणाच्या आडोशातून अकरा जिवंत बाहेर काढल्या. मी खिडकीत बसून पाहत होते. त्या दिवशी मी चौथे मृत्युपत्र करायला घेतले. त्यात शेत नोराला होते, पण वडिलांच्या सवयीने मी अट घातली की तिने एलरस्केल आडनाव घ्यावे. तिला वाचून दाखवले.

तिने बटाटे सोलणे थांबवले नाही. "नको, मावशी."

"शेत नको?"

"शेत हवं. अट नको. बाबांनी नाही म्हटलं होतं, मी हो म्हटलं तर त्यांना काय वाटेल?"

"ते मेलेत, नोरा."

"तुमचेही मेलेत. तुम्ही तरी कुठं सोडलंय त्यांना?"

मला राग आला. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही आणि तिने तिसऱ्या दिवशी नेहमीसारखी लापशी आणून ठेवली. मला पुन्हा जानेवारी १९३९ करायचा नव्हता.

सबब कलम २ मध्ये वर्णन केलेली घर, गोठा, कुरणे, रान, चराईचा हक्क आणि कळप यांसह संपूर्ण मिळकत मी नोरा डगन हिला देते. कोणतीही अट नाही. तिने आडनाव बदलावे न बदलावे, लग्न करावे न करावे, पुढे कोणालाही द्यावे. कोणीही, विशेषतः लीड्सहून येऊन, तिला आडनावावरून बोल लावू नये. तिच्या बापाचे जे नाव मी घराबाहेर काढले त्याच नावाने तिने या घरात राहावे, अशी माझी इच्छा आहे. इच्छा म्हणजे अट नव्हे.

कलम ९. माझ्या दफनानंतर गोठ्यात जेवण असावे. हॅम, मोहरी, फ्रूटकेक आणि त्याबरोबर आपले चीज. दारू बेताची. रेजिनाल्ड यांना भाषण करू देऊ नये. त्यांनी उभे राहण्यासाठी खुर्ची मागे सरकवली की कोणीतरी त्यांना केक वाढावा.

कलम १०. हे कलम मागाहून, सहीच्या टेबलावर लिहीत आहे. थ्वेट वकील शेजारी बसून उसासे टाकत आहेत.

आज सकाळी दोन्ही साक्षीदार आले. जॉस ऑल्डरसन आणि टपालकचेरीच्या मिस ड्युलसी फॉसेट. ज्याला मिळायचे त्याने सहीच्या वेळी खोलीत नसावे असे वकिलांनी सांगितल्यामुळे नोरा डोंगरावर गेली आहे. कागदात काय आहे हे दोघांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते. जॉसने बूट दाराशी काढले आणि बसता बसता म्हणाला, "वर नोरा एलरस्केल दिसली. आमच्या चार मेंढ्या तुमच्यात घुसल्यात, त्या वेगळ्या काढतेय."

मी पेन खाली ठेवले. "कोण दिसली?"

"नोरा. तुमची."

"तू आडनाव काय घेतलंस?"

जॉसने ड्युलसीकडे पाहिले. ड्युलसी म्हणाली, "अहो, सगळेच म्हणतात. पेंडवाल्याची पत्रंही त्याच नावानं येतात. मी तुमच्याच खणात टाकते."

"कधीपासून म्हणता?"

"ते अकरा मेंढ्यांचं झालं, तेव्हापासून असेल बहुतेक," जॉस म्हणाला. "त्याआधी नुसतं 'बाईंकडची ती' म्हणायचो. का? तिला आवडत नाही का?"

"तिला माहीत आहे?"

"हाक मारली की ओ देते."

मी विचारले, कारण न विचारणे मला शक्य नव्हते, "जॉस, त्या वर्षी तू केवढा होतास? माझे वडील गेले त्या वर्षी."

"पंधरा."

"मायकेल डगन इथं राहिला असता तर खोऱ्यानं त्याला काय म्हटलं असतं?"

त्याला विचार करावा लागला नाही. "राहिला असता तर कशाला? राहत होता तेव्हाच म्हणायचे. त्यानं वरचं कुंपण बांधलं ना, तेव्हा आमचे म्हातारे रोज त्याला बघायला जायचे. घरी येऊन सांगायचे, मायकेल एलरस्केलचा हात चांगला आहे. तो गेला तेव्हा म्हाताऱ्यांना फार लागलं. म्हणाले, एलरस्केलची माणसं अशी कशी निघून गेली."

मी रडले. दोघे साक्षीदार आणि वकील यांच्या देखत रडले, आणि हे लिहिताना अजून अक्षर नीट येत नाही, ते वाचणाऱ्याने चालवून घ्यावे. टेबलावर कागद मांडला त्या जानेवारीत, मायकेलने तो परत सरकवला त्या वेळी, वडिलांची अट पुरी होऊन गेलेली होती. एका कुंपणापलीकडे शेजारी त्याला त्या नावाने हाक मारत होते आणि आमच्यापैकी कोणी ती ऐकली नाही. इसाबेल, मी तुला विनाकारण घालवले.

थ्वेट वकील म्हणतात, या कलमाने कोणाला काहीच मिळत नाही, तेव्हा ते काढावे. काढू नये.

वरील दहा कलमे मी वाचली, मला ती समजली, आणि जिथे खाडाखोड आहे तिथे ती माझीच आहे. मी दोघा साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर केली.

ठिकाण: स्वयंपाकघर, एलरस्केल शेत, स्कार्डेल
दिनांक: ११ ऑक्टोबर १९९४, मंगळवार

सही: हेस्टर एलरस्केल

साक्षीदार:
१. जॉस ऑल्डरसन, मेंढपाळ, शेजारी
२. ड्युलसी फॉसेट, टपालकचेरी, स्कार्डेल